दुधाचा दात हिरडीत घुसला, आता काढायचा का?

जुळे सोलापुरातल्या एका आईनं विचारलंय. मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची. परवा सकाळी नळाला पाणी आलं, भरायची गडबड चालली होती, तेवढ्यात ओल्या फरशीवरनं लेकरू घसरलं आणि तोंड उंबऱ्यावर आपटलं. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक निम्म्याहून जास्त हिरडीत घुसला, शेजारचा हलतोय. एका दवाखान्यात सांगितलं, काढून टाकू. आज्जी म्हणते, दुधाचाच दात आहे, पडणारच की, कशाला उगाच दवाखाने. शेजारच्या काकू म्हणतात, धरून ओढला की येतो खाली. आईचे प्रश्न तीन: दात काढायचा का, नंतरचा कायमचा दात खराब येईल का, आणि हे माझ्या दुर्लक्षामुळं झालं का.

ताई, तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण तुमचा सगळा जीव तिथं अडकलाय. नाही, तुमच्यामुळं झालेलं नाही. दोन वर्षांच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, पाय अजून कच्चे असतात, आणि पडताना हात पुढं टेकवायचं भान यायला वेळ लागतो. म्हणून मोठं माणूस पडलं की मनगट दुखावतं आणि लहान मूल पडलं की ओठ फुटतो. आपल्याकडं त्यात शहाबादी फरशी आणि दगडी उंबरा. चार दिवसांनी पाणी सुटलं की बॅरल, घागरी, कळश्या, जे सापडेल ते भरायचं असतं. घरभर पाणी सांडलेलं असतं आणि लेकराला त्यात पळायचं असतं. बावीस वर्षं मी इथं लहान मुलांचे दात बघते. ‘कधी पडलं?’ असं विचारलं की ‘आज पाणी आलं होतं ना’ हे उत्तर मी इतक्या आयांकडून ऐकलंय, की त्यात दुर्लक्ष शोधणं मी कधीच सोडून दिलंय.

आता दाताचं. पण दाताच्याही आधी डोक्याचं. पडल्यानंतर ती बेशुद्ध पडली होती का, थोडा वेळ सुद्धा? पुन्हा पुन्हा उलटी झाली का, नेहमीच्या झोपेच्या वेळेशिवाय झापड येत होती का, नाकातनं किंवा कानातनं रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं का, चालताना झोकांड्या जात होत्या का? यातलं एकही असेल तर दाताच्या डॉक्टरकडं यायचंच नाही. थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. दात दोन दिवस थांबतो. तुम्ही लिहिलंय की ती लगेच रडली, अर्ध्या तासात खेळायला लागली आणि रात्री नीट झोपली. मग त्या बाजूनं काळजीचं कारण दिसत नाही.

काढायचा का? माझं उत्तर: आत्ता नाही. आणि ओढून तर अजिबात नाही.

का, ते नीट सांगते, कारण यात घरच्या सगळ्यांना एकदा पटलं की पुढचे सहा महिने सोपे जातात. दुधाच्या पुढच्या दाताचं मूळ वर हाडात जातं. त्या मुळाच्या टोकामागं, टाळूच्या बाजूला, कायमच्या दाताची कळी असते. मधलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा कमी. काही ठिकाणी तर मधे हाडही नसतं, नुसता पातळ पडदा. ज्वारीच्या कणसात दाणा दुधात असताना नखानं दाबला तर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. तुमच्या मुलीच्या वयात ती कळी तशीच दुधात असते. वरच्या पुढच्या कायमच्या दातावर आवरण चढायला बाळ तीन-चार महिन्यांचं असताना सुरुवात होते आणि ते काम चार ते पाच वर्षांपर्यंत चालतं. म्हणजे आत्ता कारखाना भर जोरात चालू आहे. दुधाच्या दाताला मार लागला की मी जे काही करते किंवा करत नाही, ते त्या न दिसणाऱ्या दातासाठी. चिमट्यात धरून ओढणं, हलवून बघणं, घाईनं काढायला जाणं, यातल्या प्रत्येक गोष्टीत मुळाचं टोक पुन्हा एकदा कळीवर घासायची भीती असते. पहिला मार उंबऱ्यानं दिला, दुसरा आपण कशाला द्यायचा?

यात एक चांगली गोष्ट शरीराच्या रचनेतच आहे. दुधाच्या पुढच्या दाताचं मूळ ओठाच्या बाजूला किंचित वळलेलं असतं. म्हणून दात वर घुसला की मुळाचं टोक बहुतेक वेळा पुढं, ओठाकडं सरकतं, कळीपासून लांब. एक्स-रेत ते कळतं. दोन वर्षांच्या मुलाला लहान फिल्म तोंडात धरता येत नाही, म्हणून मी मोठ्या माणसाच्या मापाची फिल्म बिस्किटासारखी दातांत आडवी धरायला लावते, मूल आईच्या मांडीवर. घुसलेला दात शेजारच्यापेक्षा आखूड दिसला आणि टोक स्पष्ट दिसलं तर मूळ ओठाकडं गेलंय. लांबट दिसला आणि टोक सापडेना, तर कळीच्या दिशेनं गेलंय.

मी शिकले तेव्हा नियम असा होता की आखूड दिसला तर थांबा, लांबट दिसला तर काढा. सुरुवातीच्या वर्षांत मी तसे दात काढलेही. दातांच्या दुखापतींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हे बदललं: दात कुठल्याही दिशेनं घुसलेला असो, तो आपोआप खाली यायला वेळ द्या. कारण मार बसायचा तो बसून गेलेला असतो, आणि काढल्यानं कळीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. तेव्हा ज्या डॉक्टरांनी तुम्हाला ‘काढू’ सांगितलं, त्यांनी काही वेडंवाकडं सांगितलं असं समजू नका. ते जुन्या नियमाप्रमाणं बोलले असतील. त्यांच्याकडंच जात असाल तर एवढंच विचारा, ‘सहा महिने थांबून बघितलं तर चालेल का?’

थांबायचं म्हणजे काय बघत थांबायचं? असे घुसलेले बहुतेक दात परत खाली येतात. सूज आठवड्याभरात उतरते, आणि मग हिरडीतून पांढरी कड थोडी थोडी जास्त दिसायला लागते. बहुतेकांचं सहा महिन्यांत होतं, काहींना वर्ष लागतं. अक्कलकोट रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका आईनं दर रविवारी अंघोळीनंतर एकाच खिडकीपाशी, ओठ वर करून मुलाचा फोटो काढला होता. तपासणीला आली की मोबाईल माझ्या हातात द्यायची. पहिल्या फोटोत जांभळ्या सुजलेल्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. चौथ्या रविवारी तो ठिपका कड झाला होता. अकराव्या रविवारी शेजारच्या दातापेक्षा जरा आखूड, पण ओळखू येणारा दात. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या आणि ‘काढून टाका म्हणत होते मी’ असं म्हणत त्या पुन्हा पुन्हा फोटो मागे-पुढे सरकवत होत्या.

काही वेळा मात्र काढावा लागतो, आणि तेव्हा मी मागेपुढे पाहत नाही. वर्ष उलटलं तरी दात खाली यायचं नाव घेत नाही, हाडाला चिकटून बसलाय. किंवा हिरडीवर पू धरला, पुटकुळी आली, सूज उतरून पुन्हा चढली. किंवा दात इतका लुळा लोंबतोय की झोपेत तुटून श्वासनलिकेत जाईल. यातलं शेवटचं असेल तर त्याच दिवशी. तुमच्या मुलीचा शेजारचा दात ‘हलतोय’ म्हणजे किती हलतोय हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. जागेवर असून नुसता डुलत असेल, हिरडीच्या कडेनं थोडं रक्त आलेलं असेल, तर त्याला काहीच करायचं नसतं. एक-दोन आठवड्यांत घट्ट होतो. खाली लोंबला असेल आणि ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला असेल तर काढणं बरं. आत टाळूकडं झुकलाय आणि दात मिटताना खालच्या दातावर आपटतोय, तर हळूच जागेवर आणावा लागतो, गरज पडली तर शेजारच्या दातांना चार आठवडे तारेनं बांधून ठेवावा लागतो. घरी एक गोष्ट बघा: ती तोंड पूर्ण मिटू शकते का? दाढांवर दाढा टेकतात का? टेकत नसतील, किंवा एका दाताला हात लावला की दोन-तीन दात एकदमच हलतात असं वाटलं, तर उद्याची वाट बघू नका. दुसऱ्या प्रकारात दाताखालचं हाड मोडलेलं असतं.

तपासायला आणाल तेव्हा ती रडेल. रडू दे. तुम्ही आणि मी समोरासमोर खुर्चीवर बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून, तिचे पाय तुमच्या कमरेशी आणि डोकं माझ्या मांडीवर. तिला वर बघितलं की तुमचा चेहरा दिसतो. रडताना तोंड आपोआप उघडतं, आणि मला अर्ध्या मिनिटात सगळं दिसतं. आमच्याकडं ‘आ कर’, ‘नोरु तेरु’, ‘बाय तेगी’ असं तिन्ही भाषांत सांगावं लागतं, कारण घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं निम्मी. पण दोन वर्षांच्या मुलाला भाषेपेक्षा आईचा हात कळतो. त्या वेळी ‘डॉक्टर सुई टोचतील हं’ असं कुणी म्हणू नका, एवढीच विनंती.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: कायमचा दात खराब येईल का?

खोटा दिलासा देत नाही. घुसलेला दात आणि पूर्ण उपटून पडलेला दात, या दोन दुखापतींत मागच्या कळीला इजा व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. आणि तीन वर्षांच्या आत मार लागला तर ती आणखी वाढते. तुमच्या मुलीचा दात घुसलाय आणि वयही तीनच्या आतलं आहे. पण इजा म्हणजे काय हेही कळू दे. बहुतेक वेळा ती म्हणजे सात-आठ वर्षांची झाल्यावर येणाऱ्या नव्या दातावर एक पांढरा किंवा पिवळसर-तपकिरी डाग, कधी आवरणावर एक छोटा खळगा. तो दातासारख्या रंगाच्या सिमेंटनं तासाभरात झाकता येतो. क्वचित दात वाकडा घडतो, उशिरा येतो किंवा त्याला वाट करून द्यावी लागते. आत्ता, आज, हे कुणालाच सांगता येणार नाही; एक्स-रेत डाग दिसत नाही. म्हणून सहाव्या वर्षी एकदा मुद्दाम दाखवायचं, शेजारचा कायमचा दात आला आणि हा आला नाही तर लगेच कळावं म्हणून. तुमच्या हातात आत्ता दोन गोष्टी आहेत: दुसरा मार बसू न देणं आणि तिथं पू होऊ न देणं. दुसरी गोष्ट स्वच्छतेवर आहे, आणि इथंच घराघरांत चुकतं.

सुजलेली हिरडी बघून आई ब्रश बंद करते. लेकराला दुखेल म्हणून. मग चार दिवसांत दाताभोवती पिवळा थर बसतो, वास येतो, आणि जखम भरायची थांबते. ब्रश बंद करायचा नाही. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे. दुखऱ्या जागी स्वच्छ कापूस किंवा मऊ सुती कापड बोटाला गुंडाळून, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशमध्ये जरासं बुडवून, पिळून, दिवसातनं दोनदा हलकेच फिरवायचं. आठवडाभर. तिला गुळणी करता येत नाही, म्हणून वाटीत ओतून देऊ नका. दुसरं काही लावायचं नाही. हळदीची पूड जखमेवर चिकटून बसते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. आणि मिश्री तर नाहीच नाही. काही घरांत आज्जी प्रेमानं, दुखायचं थांबावं म्हणून, बोटावर मिश्री घेऊन लेकराच्या हिरडीला लावते. ती भाजलेली तंबाखू आहे. दोन वर्षांच्या मुलाला उलट्या आणि चक्कर यायला चिमूटभर पुरते. आज्जीला रागावू नका, शेजारी बसवून सांगा. माझ्याकडं आणून बसवलीत तरी चालेल.

खाण्याचं सोपं आहे. दहा-पंधरा दिवस कडक भाकरी, टोस्ट, चकली, उसाचं कांडं, पुढच्या दातांनी तोडायला लागेल असं काहीच नको. दुधात किंवा ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, गुरगुट्या भात, वरण, हुग्गी, केळं. तिखटाला सुट्टी, शेंगाची चटणी तिला कितीही आवडत असली तरी उघड्या जखमेवर झोंबते. दूध बाटलीनं पीत असेल तर बाटली आत्ताच सोडवा, तिचं रबरी निपल त्याच दातांवर दाब देतं. अंगावर पीत असेल तर बंद करायची गरज नाही, ओढताना रडली तर दोन दिवस वाटी-चमचा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं, वजनाप्रमाणं, तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या मापात. पण बाटली नीट वाचा. थेंबांच्या बाटलीत साधारण एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि सिरपच्या बाटलीत पाच मिलीत १२० किंवा २५०. ‘पाच मिली’ हे माप सिरपचं, ते थेंबांच्या बाटलीतनं दिलं तर कितीतरी पट जास्त जातं. अँटिबायोटिक अशा दुखापतीत सहसा लागत नाही; मागू नका, आणि जुन्या पट्टीतलं उरलेलं तर देऊच नका. धनुर्वातासाठी लसीकरणाचं कार्ड काढून बघा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा डीपीटीचा बूस्टर झाला असेल तर वेगळं इंजेक्शन बहुधा लागणार नाही. राहिला असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, आणि जखमेत माती गेली असेल तर तेही.

दोन-चार आठवड्यांनी तुमचा पुन्हा जीव खाली-वर होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते: दात राखाडी, जांभळट पडू शकतो. मार लागला की आत रक्त साकळतं, बोटावर हातोडी बसल्यावर नख काळं पडतं तसं. निव्वळ रंग बदलला म्हणून रूट कॅनाल करायचं नाही, काढायचा तर नाहीच. काही दातांचा रंग काही महिन्यांत निवळतो. काही पिवळट होतात, कारण आतली नस हळूहळू भरून येते, तेही चालतं. काही राखाडीच राहतात आणि तसेच सातव्या वर्षी निमूटपणे पडतात. रंगाबरोबर पुटकुळी, सूज, पू, किंवा घट्ट झालेला दात पुन्हा हलायला लागणं, यातलं काही आलं तर मात्र त्याच आठवड्यात या. हिरडीवरची पुटकुळी दुखत नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने ठेवतात. दुखत नाही कारण पूला वाट मिळालेली असते. आत कळीशेजारी तो असतोच.

तुमच्या मुलीला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या आयांसाठी दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुधाचा दात मुळासकट बाहेर पडला तर तो परत बसवायचा नसतो. बसवताना दाबलेलं मूळ आणि रक्ताची गाठ कळीवर जाते. पण तो दात सापडलाच पाहिजे, म्हणजे तो कुठं गेला हे कळलंच पाहिजे. विडी घरकुलातलं एक कुटुंब दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आलं होतं. आई दारात सुपात पानं घेऊन विड्या वळत होती, लेकरू पायरीवरनं पडलं. ‘दात पडला’ म्हणून सगळं अंगण झाडून काढलेलं, सूप उलटं करून बघितलेलं. वडिलांनी रुमाल उघडून दाखवला, त्यात खडे आणि एक शेंगदाण्याचा तुकडा. एक्स-रे काढला तर दात पूर्णच्या पूर्ण हिरडीत, नाकाच्या बुडापर्यंत गेलेला. म्हणून दात ‘हरवला’ की एक्स-रे हवाच. आणि पडल्यापासून मूल खोकत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर छातीचा एक्स-रे आधी. ओठ फुटलेला असेल आणि दाताचा तुकडा गायब असेल तर ओठात चाचपून बघायचं. तुकडा तिथं बसतो आणि जखम वरून शिवली की महिन्याभरानं गाठ घेऊन परत येतात.

दाताचा टवका उडाला असेल तर तो रंगावरून ओळखा. नुसती पांढरी कड गेली असेल तर कड घासून गुळगुळीत केली की झालं. आतला पिवळसर भाग उघडा पडला असेल तर झाकावा लागतो. मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसला तर नस उघडी आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी या, दात बहुतेक वाचतो. वरचा ओठ आणि हिरडी जोडणारा पातळ धागा फाटला तर रक्त बघून घाबरायला होतं, पण स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरलं की थांबतं आणि टाका न घालता भरतं. फक्त प्रत्येक पाहुण्याला ओठ वर करून दाखवू नका, दर वेळी जखम उघडते. मात्र अजून रांगतही नसलेल्या तान्ह्या बाळाचा तो धागा फाटलेला दिसला, तर ते पडून झालं असं सहसा होत नाही. घरात त्या बाळाशी कोण कसं वागतंय, हे शांतपणे बघावं लागतं. काळजी वाटली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आणि सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाचा कायमचा दात उपटून पडला तर सगळं उलट. तो परत बसवायचाच, जमलं तर तिथल्या तिथं. पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती असेल तर दुधात किंवा गार पाण्याच्या धारेखाली काही सेकंद धुवायचा, जागेवर दाबायचा, रुमाल चावायला द्यायचा आणि निघायचं. बसवायचा धीर होत नसेल तर वाटीभर थंड दुधात टाकून आणायचा. कोरडा रुमालात गुंडाळून नाही. पहिला तास गेला की त्या दाताचं नशीब बरंचसं ठरलेलं असतं. शाळेच्या शिपाईमामांना आणि खेळाच्या शिक्षकांना एवढं माहीत असलं तरी पुरे, कारण त्या वेळी आई तिथं नसते. दुधाचा दात आणि कायमचा दात यात गोंधळ झाला तर? वय सहाच्या आत असेल तर दुधाचा समजा.

पडण्याच्या जागा मी इतकी वर्षं लिहून ठेवतेय. गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या आठवड्यात पिपाणी तोंडात धरून पडलेली लेकरं येतात; होम मैदानावरच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागतो आणि पिपाणी टाळूत घुसते. ब्रश तोंडात घेऊन घरभर फिरणाऱ्यांचंही तेच. वॉकर घेऊ नका, मुलं त्यानं लवकर चालत नाहीत, पायरीवरनं मात्र वेगानं खाली जातात. कॅनडानं तर २००४ पासून त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. पण सगळ्यात वाईट दुखापती मी स्कूटरच्या बघितल्यात. लेकरू पुढं उभं, वडील ब्रेक मारतात, तोंड हँडलच्या मधल्या भागावर. तिथं एक दात नाही जात, चार जातात, आणि हाडही मोडतं. २०२२ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमात बदल झाला आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले की मी मोजते. पट्टा अजून एकदाही दिसलेला नाही.

ताई, तुमच्यासाठी तारखा अशा. पडल्यापासून आठवड्यानं एकदा, मग सहा ते आठ आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं, आणि शेवटी ती सहा वर्षांची झाली की. दर वेळी एक्स-रे लागेल असं नाही. कुठल्याही बालदंततज्ज्ञांकडं चालेल, माझ्याकडंच यायला हवं असं नाही, पण एकाच ठिकाणी जा, म्हणजे आधीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून बघता येईल. दात गेलाच, तर पुढं काय, हेही तुम्ही रात्री जागून विचार करत असाल. पुढचा एक दात नसला तरी मुलं बोलायला शिकतात, जेवतात. सुळे आलेले असतील तर ती जागाही सहसा मिटत नाही. शाळेत जायच्या वयात तिला स्वतःला खटकलं तर छोटा खोटा दात बसवता येतो, घाई नाही.

उद्या सकाळी उजेडात, ती हसत असताना, ओठ हलकेच वर करून एक फोटो काढा. घुसलेल्या दाताची किती कड दिसते ते त्यात नीट आलं पाहिजे. पहिल्या तपासणीला तो बरोबर आणा.